धान्यातील पाखरे आणि धान्यातील गोळ्या

पंधरा दिवसांपूर्वी एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "डॉक्टरसाहेब, संध्याकाळी दिवा लागला की आमच्या स्वयंपाकघरात करड्या रंगाची लहान पाखरे उडू लागतात. तांदळाच्या डब्यात जाळी झाली आहे, तांदळाच्या गुठळ्या होतात. भिंतीवर, अगदी छतापर्यंत, अळ्या चढलेल्या दिसतात. घरात दीड वर्षाचे बाळ आहे. हे धान्य पोटात गेले तर त्याला काही अपाय होईल का? आणि शेजारच्या काकू म्हणतात की धान्यात गोळ्या ठेवा, एका रात्रीत सगळे मरून जाते. ठेवू का?"

पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर लांबचे पण दिलासा देणारे आहे. दुसऱ्याचे उत्तर एका शब्दाचे आहे : नाही. ते का, हे सांगण्यासाठी मला माझीच एक चूक सांगावी लागेल. तिच्याकडे नंतर येतो. आधी पाखरांचे पाहू.

ही पाखरे श्रावण-भाद्रपदात एकाएकी आली असे वाटते, पण तसे नसते. आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत चैत्र-वैशाखात वर्षाचे गहू-ज्वारी भरण्याची पद्धत आहे. त्या धान्यातून, किंवा दुकानातून आणलेल्या रव्याच्या पुड्यातून, काही अंडी घरात येतात. ती इतकी बारीक असतात की निवडताना दिसत नाहीत. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पाखरू हा फेरा आपल्याकडच्या उबदार हवेत साधारण पाच ते सात आठवड्यांत पूर्ण होतो. एक मादी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. म्हणजे वैशाखात डब्यात आलेल्या दोन-चार अंड्यांच्या पुढच्या दोन पिढ्या श्रावणापर्यंत होऊन गेलेल्या असतात आणि तेव्हा कुठे आपले लक्ष जाते. पावसाळ्यातली दमट हवा त्यांना मानवते, हेही खरे. पण "ओल धरली म्हणून कीड आपोआप झाली" हा समज सोडून द्यावा. कीड बाहेरून येते आणि घरात वाढते.

आता हे पाखरू कोणते? आपल्या भागात तांदूळ, रवा, ज्वारी, शेंगदाणे यांत जाळी करणारे जे पाखरू सर्वांत जास्त दिसते त्याला शेतकी पुस्तकांत तांदळावरील पतंग म्हणतात. रंग मळकट करडा, पंखांवर सांगण्यासारखी खूण नाही. त्याची अळी पांढुरकी, तोंडाकडे तपकिरी, आणि ती जाईल तिथे तोंडातून रेशमासारखा धागा सोडत जाते. त्या धाग्यात दाणे, भुसा आणि तिची विष्ठा अडकते आणि आपल्याला गुठळ्या दिसतात. शेतकरी वाचकांना गंमत वाटेल, पण हाच पतंग कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत मुद्दाम वाढवतात. उसावरच्या आणि कपाशीवरच्या अळ्यांची अंडी नष्ट करण्यासाठी जी ट्रायकोकार्डे मिळतात, त्यांच्यावर चिकटवलेली अंडी याच पतंगाची असतात. शेतात जो कामाला येतो तोच स्वयंपाकघरात डोकेदुखी करतो.

दुसरे एक पाखरू रवा, मक्याचे पीठ, सुका मेवा, बेदाणे यांत आढळते. ते ओळखायला सोपे. पंखांचा डोक्याकडचा भाग फिकट पांढुरका आणि उरलेला तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखा. त्याचे इंग्रजी नाव ‘इंडियन मील मॉथ’, म्हणून काही जणांना ते आपल्या देशातून जगभर गेले असे वाटते. वास्तविक अमेरिकेत गेल्या शतकाच्या आधी मक्याच्या पिठाला ‘इंडियन मील’ म्हणत, त्यावरून ते नाव पडले. छताकडे चढणाऱ्या अळ्या पुष्कळदा याच असतात. कोष करायची वेळ आली की अळी धान्य सोडते आणि कोरडा कोपरा शोधत दूरवर चालत जाते. त्यामुळे भिंतीवर जिथे अळी दिसली तिथे मूळ शोधून काही मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

तिसरा पतंग गवताच्या काडीच्या रंगाचा असतो आणि तो जाळी करत नाही. त्याची अळी ज्वारी, मका, गहू किंवा भाताच्या दाण्याच्या आतच राहते, आतला भाग खाते आणि जाताना दाण्याला गोल खिडकी पाडून जाते. हा पुष्कळदा शेतातूनच, उभ्या कणसातून, घरी येतो.

यांखेरीज सोंड असलेले काळपट सोंडे, पिठातले तांबूस भुंगेरे, आणि मूग-चवळीच्या दाण्यांवर पांढरे ठिपके चिकटवून जाणारे कडधान्यातले भुंगेरे हे वेगळे किडे आहेत. त्यांच्यासाठी साफसफाईचे उपाय बहुतेक तेच आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळे लिहीत नाही.

आता प्रकृतीचा प्रश्न. ही पाखरे चावत नाहीत, डसत नाहीत. डास-माश्यांप्रमाणे ती रोग पसरवतात असेही आढळलेले नाही. चुकून एखादी अळी भातातून पोटात गेली तर मन मळमळेल, पोट बिघडणार नाही. तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीने बाळाने कालपर्यंत खाल्लेल्या भाताची काळजी सोडून द्यावी.

मात्र तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, ज्यांना दमा आहे किंवा धुळीने शिंका येतात, त्यांनी किडके धान्य पाखडू नये. पंखांवरची पूड आणि अळीची विष्ठा मिसळलेली ती धूळ काहींना चांगलीच बाधते. दुसरी गोष्ट खाजेची. किडक्या धान्यात पुष्कळदा डोळ्यांना न दिसणारी एक गोचिडीच्या जातीची माइट असते. ती खरी तर त्या अळ्यांवर जगते, पण पोती उचलणाऱ्या माणसालाही चावते. माझ्याकडे सुगीनंतर हमाल, गिरणीवाले, धान्य निवडणाऱ्या बाया मानेवर, हातांवर, पोटावर बारीक लाल पुरळ घेऊन येतात. अनेकांनी त्यावर आधीच खरजेचे औषध लावलेले असते. त्याचा उपयोग होत नाही, कारण ती माइट माणसाच्या अंगावर राहतच नाही. धान्यापासून दूर राहिले, अंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुतले, कॅलामाइन लावले की आठ-दहा दिवसांत पुरळ जाते. खाज फारच असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

तिसरी गोष्ट बुरशीची, आणि ती या तिन्हींत गंभीर आहे. खूप कीड झाली की धान्य आतून गरम होते, ओलसर होते आणि त्यावर बुरशी धरते. विशेषतः मका आणि शेंगदाणा यांवर येणाऱ्या एका बुरशीचे विष यकृताला घातक असते. सन १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन कावीळ होऊन सुमारे शंभर माणसे दगावली होती. हे विष शिजवल्याने, भाजल्याने जात नाही. धान्याला कुबट वास येत असेल, दाणे हिरवट-काळपट झाले असतील, शेंगदाणा कडू लागत असेल तर ते खाऊ नये. जनावरालाही घालू नये, कारण दुधातून ते पुन्हा आपल्याकडे येते.

मग टाकायचे काय आणि ठेवायचे काय? शहरातली पुस्तके "सगळे फेकून द्या" असे सांगतात. ज्याच्या घरी वर्षाची ज्वारी दोन पोती आहे त्याला हे सांगणे मला तरी धडधडीत अन्यायाचे वाटते. माझा स्वतःचा सल्ला असा : जाळी झालेले पीठ, रवा, बेसन, सुका मेवा टाकून द्यावा, त्यातली घाण निघत नाही. अख्खे धान्य मात्र चाळून, पाखडून, ऊन देऊन, धुऊन वापरता येते. वास चांगला असला पाहिजे एवढीच अट. असे धान्य आधी संपवावे, पुढे ठेवू नये.

आता साफसफाई. तिच्यात ज्याचा शोध घ्यायचा तो पदार्थ समोरच्या डब्यात क्वचितच असतो. बहुतेक घरांत मूळ कुठल्यातरी विसरलेल्या पुड्यात सापडते. मागच्या दिवाळीचा उरलेला रवा, उपासाची भगर, पक्ष्यांसाठी आणलेले बाजरीचे दाणे, सुक्या मिरच्या, खोबऱ्याच्या वाट्या. आणि एक जागा अशी की जी पुरुषांच्या लक्षात येत नाही : कपाटातल्या साड्यांमध्ये पिशवीत तसेच राहिलेले ओटीचे तांदूळ. माझ्या स्वतःच्या घरी सहा महिने पाखरे येत होती. डबे तीनदा धुतले. शेवटी आईला आठवले की भाचीच्या लग्नातली ओटी लोखंडी कपाटात आहे. पिशवी उघडली तर आत तांदूळ कमी आणि जाळी जास्त. देवघरातल्या अक्षता, कलशाखालचे तांदूळ, घटस्थापनेच्या वेळचे उरलेले धान्य, हेही एकदा पाहावे.

मूळ सापडले की ते घट्ट पिशवीत बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढावे. केराच्या टोपलीत रात्रभर ठेवू नये. नंतर सगळे डबे रिकामे करावेत. डब्याच्या झाकणाची आतली घडी, फडताळाच्या फळ्यांच्या फटी, खिळ्यांची भोके, फळीवर अंथरलेल्या कागदाची मागची बाजू या कोष असण्याच्या जागा आहेत. कागद काढून जाळावा. फटींमधून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने किंवा तारेने कोष ओढून काढावेत. मग साबणाच्या गरम पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, नंतरच डबे भरावेत. ओलसर डब्यात भरलेले धान्य म्हणजे पुन्हा पहिले पाढे. छताच्या कोपऱ्यातले कोषही कुंच्याने काढावेत. फडताळावर कीटकनाशकाचा फवारा मारण्याची गरज नाही, आणि त्याचा फायदाही नाही. उडणारे पाखरू स्वतः काही खात नाही, ते आठ-पंधरा दिवसांत तसेही मरते. नुकसान करणारी अळी धान्याच्या आत असते आणि तिथपर्यंत फवारा पोचला तर तो आपल्याच पोटात जाईल.

हल्ली चिकट पुठ्ठ्याचे कामगंध सापळे मिळतात. त्यांच्यात मादीचा वास असतो, त्याने नर अडकतात. पाखरे आहेत की संपली हे कळायला ते बरे आहेत, पण तेवढ्याने कीड संपणार नाही. साफसफाईनंतर दोन महिने तरी पाखरू दिसले नाही तरच मोहीम फत्ते झाली असे समजावे. त्याआधी एखाद-दुसरे दिसले तर घाबरून जाऊ नये, कुठल्यातरी फटीतला कोष फुटला असेल.

थोड्या जिनसांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे थंडी. नवा आणलेला रवा, बेसन, बेदाणे घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये चार-पाच दिवस ठेवले की अंडीसुद्धा मरतात. साध्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक आठवडा ठेवावे. बाहेर काढल्यावर पुडा लगेच उघडू नये, नाहीतर आत पाणी सुटते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी रवा कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरावा. आपल्या आज्या हेच करत.

पोत्याने असलेल्या धान्याला ऊनच हवे, आणि ते वैशाखातले. दाट ढीग घालून दुपारभर ठेवला तर वरचा थर तापतो आणि किडे आतल्या गार थरात जातात. म्हणून थर बोटभरच असावा, आणि मधून मधून हात फिरवावा. काळ्या प्लास्टिकवर धान्य पसरून वरून पारदर्शक प्लास्टिक झाकले तर उष्णता साठ अंशांच्या आसपास जाते, त्यात अळ्या व अंडी टिकत नाहीत. पेरणीचे बी मात्र असे तापवू नये, उगवण कमी होते. दाणा दाताखाली धरला तर ‘कट्’ असा आवाज करून फुटला पाहिजे. मऊपणे दबला तर अजून ओल आहे. आणि एक चूक टाळावी : उन्हातले गरम धान्य तसेच कोठीत भरू नये. झाकणाखाली घाम धरतो. सावलीत गार होऊ द्यावे आणि मग कोठी तोंडापर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. आत जितकी हवा कमी, तितकी कीड कमी.

कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळलेला घालावा. कडधान्यांना तेलाचा हात जरूर लावावा, त्याने भुंगेऱ्यांची अंडी टिकत नाहीत. बिब्बे घालण्याची पद्धत आहे, पण बिब्ब्याचे तेल उतून हातांना, तोंडाला फोड आलेले रुग्ण मी पाहिलेले आहेत. घरात लहान मुले असतील तर ते नकोत.

आता गोळ्या.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमारास जवळच्या वाडीतून एक कुटुंब जीपमधून माझ्या दवाखान्यात आले. आई, दोन मुले आणि आजी. रात्री दोनपासून सगळ्यांना उलट्या सुरू होत्या, डोके दुखत होते. सहा वर्षांची धाकटी मुलगी मलूल पडलेली. मी विचारले, काल काय खाल्ले? वडील म्हणाले, पोरांनी आणि बायकोने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दुपारची उरलेली भाजी. मी मनात निदान करून टाकले : शिळ्या अन्नातून विषबाधा. पावसाळ्यात अशा चार केसेस आठवड्याला येतात. सलाइन लावली, उलटीचे इंजेक्शन दिले.

अर्धा-पाऊण तास गेला. मुलीची नाडी बारीक होत चालली, रक्तदाब खाली जाऊ लागला. जुलाब जवळजवळ नव्हतेच, मग अंगातले पाणी एवढे गेले कुठे, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तेवढ्यात आजी क्षीण आवाजात म्हणाली, "डाक्टर, मला तर कालचा उपास होता. म्या त्यांच्यातलं कायबी खाल्लं न्हाई."

मी थांबलो. मग वडिलांकडे वळलो. त्यांनी तीच भाजी-भाकरी खाल्ली होती आणि ते ठणठणीत होते. ते रात्री बाहेर ओट्यावर निजले होते. बाकी चौघे आतल्या खोलीत. म्हणजे आजारी माणसांना जोडणारी गोष्ट अन्न नव्हती, खोली होती. "आजी, त्या खोलीत काय आहे?" असे विचारले तेव्हा ती म्हणाली, "काय न्हाई, जवारीची पोती हायेत. पाखरं झाली व्हती म्हणून काल सांजच्याला चार गोळ्या ठिवल्या. त्येचं काय न्हाई ना?"

पाऊस होता म्हणून खिडक्या बंद होत्या. मुलीचे अंथरूण पोत्यांना लागून जमिनीवर होते. आजी दाराशी निजली होती, म्हणून तिला त्रास कमी झाला.

मुलीला तत्काळ जिल्हा रुग्णालयात पाठवले. जाताना जीपच्या काचा उघड्या ठेवायला सांगितल्या. तिच्या हृदयाच्या आलेखात दोष दिसला, ती नऊ दिवस तिथे होती. वाचली. बाकीचे दोन दिवसांत बरे झाले. माझा तो पाऊण तास मात्र मला अजून आठवतो.

त्या करड्या-हिरवट गोळ्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की त्यांच्यातून फॉस्फिन नावाचा वायू हळूहळू निघत राहतो, कधी दोन-तीन दिवस. कीड त्यानेच मरते आणि माणूसही त्यानेच. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम वायू निघतो. आपण हिशेब करून पाहू. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशी बंद खोली धरा. एका गोळीचा सगळा वायू तिच्यात पसरला तर हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २५ भाग वायू होतो. कारखान्यात काम करणाऱ्या धडधाकट माणसासाठी जी मर्यादा सांगितलेली आहे ती ०.३ भाग. म्हणजे एका गोळीने ऐंशीपट. त्या खोलीत चार गोळ्या होत्या. वायू सावकाश निघतो, काही फटींतून जातो, म्हणून ते वाचले.

हा वायू पोत्यातून, झाकणातून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीतही जातो. काहींना लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, काहींना काहीच येत नाही, तेव्हा वासावर विसंबून राहू नये. लहान मुलांना तो सर्वांत लवकर बाधतो. सुरुवातीची लक्षणे मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दडपण, धाप अशी साधीच असतात, म्हणून माझ्यासारखा डॉक्टरही फसतो. पुढे हृदयाचे स्नायू निकामी होऊ लागतात. या विषावर उतारा नाही. रुग्णालयात हृदय आणि श्वास यांना आधार देत राहणे एवढेच हाती असते. गोळी पोटात गेली तर वाचणे फार अवघड, हे सांगायला नकोच.

सरकारी गोदामांत हे औषध वापरतात, पण तिथे थप्पीवर वायू न जाणारे आच्छादन घालून, प्रशिक्षित माणसांकडून, आणि काही दिवस तिथे कोणी राहत नाही. कायद्यानेही ते घरगुती वापरासाठी नाही. फक्त सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक कीडनियंत्रकांनी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरायचे आहे. तरीही ते लहान गावांत मिळते. दुकानात जाऊन "धान्यात ठेवायच्या गोळ्या द्या" एवढेच म्हटले जाते, आणि खरी अडचण या शब्दातच आहे. कारण ‘गोळी’ म्हणून आपल्याकडे निदान तीन वस्तू धान्यात ठेवल्या जातात. एक ही फॉस्फाइडची. दुसरी पाऱ्याची टिकडी. तिसरी डांबरगोळी. शेजारच्या काकूंनी वर्षानुवर्षे टिकडी वापरलेली असते, त्यांना काही झालेले नसते, आणि त्यांच्या सांगण्यावरून दुसरी कोणी दुकानातून फॉस्फाइड घेऊन येते.

बाकीच्या दोनही ठेवू नयेत असेच माझे मत आहे. पारा साध्या हवेतही वाफ होत राहतो, आणि टिकडी फुटली की तो धान्यात उतरतो. डांबरगोळीचा वास धान्यात मुरतो, आणि काही मुलांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो, त्यांच्या तांबड्या पेशी तिच्याने फुटून कावीळ होते. बोरिक पावडर तांदळाला चोळणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. ती कॅरमच्या पटावर ठीक. धुतल्याने ती पूर्ण जाईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि बाळाच्या पेजेत तर ती नकोच नको.

कोणाच्या घरी गोळ्या ठेवल्या गेल्या असतील आणि माणसांना उलट्या, धाप सुरू झाली असेल, तर प्रथम सगळ्यांना उघड्यावर आणावे. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. गोळ्या काढायला आत जाण्याचे धाडस करू नये. घरगुती उतारे, मीठ-पाणी देत बसू नये. १०८ ला फोन करावा, गोळ्यांची नळी किंवा तिच्या वेष्टनाचा फोटो सोबत घ्यावा, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता "धान्यात गोळ्या ठेवल्या होत्या" हे वाक्य आधी सांगावे. त्याने पाऊण तास वाचतो.

त्या भगिनीच्या पत्राच्या शेवटी, सही झाल्यावर, एक ओळ होती : "काकूंनी दोन गोळ्या आणूनही दिल्या आहेत, त्या फ्रीजवर ठेवल्या आहेत." त्यांना मी त्याच दिवशी टपालाची वाट न पाहता निरोप पाठवला, आणि तोच इथे देतो. न उघडलेली नळी उघडू नये. सुट्या गोळ्या पाण्यात, संडासात, गटारात टाकू नयेत, पाणी लागले की वायू एकदम निघतो. जाळू नयेत, मातीत मुलांच्या हाताला लागतील अशा पुरू नयेत. नळी बंदच ठेवून, राहत्या घराबाहेर, कोरड्या आणि कुलूप लागेल अशा जागी ठेवावी, हाताला ओल असताना शिवू नये, आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना कळवून ती कशी नेऊन द्यायची ते विचारावे. गोळ्या कागदात गुंडाळून दिल्या असतील, म्हणजे नळीच नसेल, तर त्या घरात एक रात्रही नकोत. त्याच दिवशी कोरड्या हाताने, कोरड्या बाटलीत घालून घट्ट बूच लावावे, आणि हे काम अंगणात करावे.